बादलीतला समुद्र

बंदराच्या हवामान कचेरीत त्याला सगळे वारेसाहेब म्हणत. त्याला तो मान वाटे. अख्खी नोकरी त्याने वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजण्यात घालवली आणि त्यातून एकच शहाणपण मिळवलं: वारा मालक, समुद्र गडी. वारा ढकलेल तिकडे पाणी जाणार. पाणीही वाऱ्याला वागायला लावतं, असं कुणी म्हटलं की तो बोबड्या पोराकडे पाहावं तसा पाही.

समोरच्या खोलीत समुद्र विभाग होता. तिथे त्याची मेहुणी काम करी. आता दोन्ही विभाग एक होणार होते आणि प्रमुखाची खुर्ची एकच उरणार होती. ती आपलीच, असं त्याने घरी जाहीर करून टाकलं. कोटही शिवायला टाकला.

तेवढ्यात उंच क्रेन लादलेलं जहाज येऊन बाहेर थांबलं. जोराच्या वाऱ्यात ते आत घेणं धोक्याचं. दुपारी आणावं का, हे वरिष्ठांनी दोघांना समोर बसवून विचारलं. खुर्चीचा निकाल इथेच लागणार, हे शिपायालाही कळत होतं.

"आणा. दुपारी वारा पडेल. इतके दिवस वाहून दमलाय."

"भावोजी, वारा काय हमाल आहे दमायला?" मेहुणी म्हणाली. "इतके दिवस त्याने किनाऱ्याचं वरचं पाणी बाहेर लोटलंय. खालचं गार पाणी वर आलंय. दुपारी जमीन तापली, की त्या गार समुद्रावरून वारा दुप्पट जोराने आत घुसेल."

"समुद्र कोमट आहे. मी स्वतः मोजलाय."

"कुठे?"

"खिडकीखाली."

खिडकीखाली बंदराच्या भिंतीआड साचलेलं पाणी होतं. तो त्यात दोरीने बादली सोडे आणि वर येईल त्याला समुद्र म्हणे. भिंतीबाहेर मोजायला होडीत बसावं लागतं, आणि होडीत त्याला मळमळे.

"मग घरच्या बाथरूममध्येच मोजा की. दोरीही ओढायला नको."

वरिष्ठांनी त्याचं ऐकलं, कारण तो मोठ्याने बोलला. दुपारी बंदराच्या तोंडाशी वाऱ्याने जहाज आडवं केलं आणि ते भिंतीवर जाऊन आदळलं. माणसं वाचली. भिंतीला खिंडार पडलं आणि बाहेरचं गार पाणी थेट त्याच्या खिडकीखाली आलं. मोजायला तो जागेवर नव्हता.

खुर्ची मेहुणीला मिळाली. वाऱ्याने दगा दिला, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. मग त्याने बदलीचा अर्ज केला. गाव कुठलंही चालेल, फक्त तिथे समुद्र नको.

अर्जावर सही मेहुणीची लागत होती. तिने ती लगेच केली.