मुरमावरची खोली

"आधी माती दाखवा. नकाशा मागून."

घर बांधायचंय म्हणून कुणीही विचारायला आलं की सरांचं पहिलं वाक्य हेच. समोरचा पिशवीतून ढेकूळ काढायचा. सर त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडायचे, तळहातावर मातीची वळी वळायचे. ती न तुटता बोटाभोवती गुंडाळली गेली की म्हणायचे, "हे नाचवते हो तुमाले."

लोणारच्या रस्त्यावरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते बांधकाम शिकवत आणि मी गणित. टेबलं शेजारीशेजारी होती, त्यामुळे माझ्या डब्यातली भाकर बरेचदा कचकचायची. तक्रार केली की ते म्हणत, "खा ना सर. आपल्याच जिल्ह्याची हाये."

आमची काळी जमीन तुम्हाला ठाऊक असेल. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरच्या भिंतींना उभ्या भेगा पाडते. सरांनी त्यावर एक उपाय काढला होता. जमिनीत खोलवर खांब उतरवायचे, त्यांना तळाशी फुगवटा द्यायचा आणि घर मातीवर न ठेवता त्या खांबांवर तोलायचं. कागदावर ते चोख होतं. काळ्या मातीत एक खोली बांधून दोन-तीन उन्हाळे-पावसाळे पाहायचं तेवढं बाकी होतं. आमच्या संस्थेकडे स्वागताच्या कमानीला पैसे असायचे, असल्या कामाला नसायचे.

मग पुण्याची एक कंपनी आली. कारखान्यात ओतलेल्या तयार भिंती ती विकायची. सरांचे खांब, कंपनीच्या भिंती आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांना नोकऱ्या, असा करार झाला. 'उद्योग आणि शिक्षण, हातात हात' असा फलक लागला. सर खांबांविषयी सांगू लागले तेव्हा कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, "सर, तुमची भाषा किती गोड आहे हो!"

"गोड हाये ना? मंग ऐका तं," सर म्हणाले. पण मॅडम फोटोसाठी उठल्या होत्या.

त्या दिवसांत सर हवेत होते. पोरांना म्हणायचे, "आता पुण्याले जाऊन कोनाच्या पाया पडाचं काम नाही बे. पुणंच इथं येऊन राह्यलं."

खोलीसाठी त्यांनी आवारातला सगळ्यात वाईट कोपरा निवडला. चपला गिळणारी, चिकट, काळी जमीन. पांढऱ्या फक्कीनं खोलीची आखणी करून ते दिवाळीला धामणगाव बढ्याला बहिणीकडे गेले. परत आले तर खड्डा तयार होता, आणि वरपर्यंत मुरमानं भरून, पाणी मारून, रोलर फिरवून झाला होता. ठेकेदार हात जोडून उभा. "सर, सगळी काळी काढून फेकली. एक नंबर मजबूत काम करून देल्लं."

त्याचं काय चुकलं? आमच्याकडे घर म्हटलं की आधी काळी काढतात नि मुरूम भरतात. बापजाद्यांपासून चालत आलंय. त्यानं तर माया लावून काम केलं होतं. सर त्या मुरमाकडे बघत खाली बसले आणि इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

उद्घाटनाची तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "आता एवढी होऊ द्या. दुसरी खोली देऊ की तुम्हाला काळ्या मातीत." सरांनी विश्वास ठेवला. दुसरी खोली काही झाली नाही. विषय काढला की अध्यक्षांना मीटिंग असायची.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर कंपनीची माणसं आली. खोलीला केसाएवढी भेग नव्हती. कशी असेल? मुरूम ना फुगतो, ना आक्रसतो. त्यांना प्रमाणपत्र हवं होतं: ही पद्धत काळ्या मातीत टिकते. खाली सरांची सही. बीबी गावाजवळ त्यांची घरांची वसाहत ठरली होती.

"मुरमावर उभी राह्यली त्यात आपली काय मर्दुमकी?" सर म्हणाले. "काळ्या मातीत बांधा, दोन उन्हाळे थांबा. टिकली तं दोन्ही हातानं सही करतो."

कंपनीनं पोरांच्या मुलाखती पुढे ढकलल्या. अध्यक्षांनी वर्गात जाऊन सांगितलं, तुमच्या नोकऱ्या तुमच्याच सरांनी अडवल्यात. दुसऱ्या दिवशी सरांच्या तासाला वर्ग रिकामा. त्यांनी रिकाम्या बाकांसमोर खडू घेऊन पूर्ण तास काढला. व्हरांड्यात एका पोराचा बाप त्यांच्या अंगावर धावून आला. "तुमचं काय जाते हो? पगार चालू हाये तुमचा!"

"खरं हाये भाऊ," सर म्हणाले. "पन घर पडलं तं शिव्या तुमच्या पोराले बसतीन."

मी अध्यक्षांकडे जाऊन भांडलो. ते म्हणाले, तुम्ही गणिताचे, तुमच्या सहीला इथं कोण विचारतो? बरोबरच होतं त्यांचं.

सरांकडून बांधकाम विभागाचं प्रमुखपद काढून घेतलं आणि ज्याला दिलं त्यानं चहा संपायच्या आत सही केली. कंपनीनं आमची दोन पोरं घेतली, बाकीची पुण्याचीच. त्या दोघांचा फोटो मात्र कॉलेजच्या माहितीपुस्तकावर अजून आहे. सरांनी राजीनामा दिला आणि त्याच उन्हाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. मातीला एकही आला नाही. मला त्या पोरांचा राग येतो, अजूनही येतो. आणि त्यांच्या जागी मी काय केलं असतं हेही मला कळतं, त्यानं राग आणखी वाढतो.

ती वसाहत झाली. परवा तिथे एका ओळखीच्या कंडक्टरच्या घरी गेलो होतो. बैठकीच्या खोलीत भेग छतापासून फरशीपर्यंत आलेली, बोट आत जावं एवढी. दाराची कडी लागत नव्हती. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमच्याच कालेजानं पास केलते ना हे घरं? एकबी समजणारा मानूस नव्हता का हो तिथं?"

"होता," मी म्हणालो.

"मंग त्यानं काऊन नाही सांगतलं?"

सांगितलं होतं वहिनी, सगळ्यांना सांगितलं होतं, असं मी म्हणालो. त्यांना ते खरं वाटलं नाही. कप उचलून त्या आत गेल्या.