डावीकडचं पुस्तक

मी फारसा बोलणारा माणूस नाही. आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत डॉक्युमेंट कंट्रोलर होतो, आणि त्या कामात तोंडापेक्षा शिक्का जास्त बोलतो. नकाशा आला की हा अप्रूव्ह्ड, हा सुपरसीडेड, हा फॉर इन्फर्मेशन ओन्ली. खलास. म्हणूनच हे लिहिताना अजून कान तापतात की मी, नगरच्या प्रोटेस्टंट पाळकाच्या मुलानं, प्राचीन काळच्या एका बिशपाच्या तोंडी त्यानं कधीच न म्हटलेलं वाक्य घातलं.

कारण ती. ती वसईची, कॅथलिक, अबुधाबीत नर्स. गुरुवारी दुपारी कंपनीची बस आम्हाला शहरात सोडायची. शुक्रवारी सकाळी वसईकर मिस्सा आटोपून आणि आम्ही नगरकर उपासना आटोपून चर्चच्या आवारातल्या एका खोलीत जमायचो. थोडी प्रार्थना, बाकी चहा आणि समोसे. मी तिच्याकडे पाहायचो, ती समोशांकडे.

तरीही लग्नाचं ठरत आलं, आणि तिची आई सुकेळ्यांचे पुडे घेऊन व्हिजिट व्हिसावर जावई बघायला आली. नोकरी पसंत, घराणं पसंत. मग चहाचा कप खाली ठेवत बाईंनी विचारलं, "तुमच्या बायबलात कुत्रा आहे का?"

कॅथलिकांच्या जुन्या करारात आमच्यापेक्षा काही पुस्तकं जास्त आहेत. त्यातल्या एकात एक तरुण परगावी निघतो. सोबत वेष पालटलेला देवदूत, आणि मागोमाग घरचा कुत्रा. त्या तरुणाचं लग्न होतं, पहिल्याच रात्री नवराबायको मिळून प्रार्थना करतात, आणि तिच्या घरात प्रत्येक लग्नाला तीच प्रार्थना वाचली जायची. आमच्या नगरच्या बायबलात ते पुस्तकच नाही.

"तो कुत्रा नाही," मी कबूल केलं.

"म्हणजे माझी लेक जाणार त्या घरात आमचं पुस्तक खोटं?" त्या म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगा. कुठलं पुस्तक आत, कुठलं बाहेर, हे ठरवलं कुणी? पटलं तर बघू."

आठवडाभर कॅम्पवर ड्युटी संपली की मी वाचत होतो, आणि वाचता वाचता मला अक्षरशः हसण्याच्या उकळ्या फुटू लागल्या. अहो, हे तर आमचंच ऑफिस! एका बिशपाचं म्हणणं, येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चारच हवीत, कारण जगाच्या दिशा चार आणि वारेही चार. मॅनेजरला असलं कारण सांगितलं असतं तर त्यानं मला पहिल्या विमानात बसवलं असतं! दुसऱ्या एका, अंत्युखियाच्या बिशपानं येशूचा शिष्य पेत्र याच्या नावावरचं एक शुभवर्तमान न वाचताच 'वाचा, हरकत नाही' म्हणून सोडलं, आणि नंतर स्वतः वाचल्यावर घाईघाईनं परवानगी मागे घेतली. आमच्याकडे अशा सह्या रोज व्हायच्या. तिसऱ्यानं तर सरळ गठ्ठेच पाडले: सर्वांना मान्य, वादातली, नाकारलेली.

शुक्रवारी मी उभा राहिलो आणि मलाच मी ओळखू येईना. खोली हसून खदखदत होती. मी हातवारे करून सांगत होतो की आधी पाहायचं, लिखाण येशूच्या प्रेषितांपर्यंत मागे पोचतं का, मग ते ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांत वाचलं जातं का, आणि पूर्वापार मिळालेल्या विश्वासाशी जुळतं का. जादा पुस्तकांवरून बेथलेहेमात राहणारा एक भाषांतरकार आणि उत्तर आफ्रिकेतला एक बिशप यांचं कसं जुंपलं, तेही सांगितलं. भाषांतरकार म्हणे, मूळ हिब्रूत आहेत तीच खरी. बिशप म्हणे, मंडळ्या वाचतात ना, मग राहू द्या.

बाई हसत नव्हत्या. एकट्या त्याच.

"शेवटी तो बिशप म्हणाला," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य कुठून आलं देव जाणे, "'डावीकडे वाढलेलं असलं, तरी ते ताटातलंच.'"

मागून कुणीतरी 'वा!' म्हणालं. मग टाळ्या. बाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "लग्नाचं बघा आता."

लग्न झालं, कुत्र्याच्या पुस्तकातली प्रार्थना वाचून झालं. पण ते वाक्य सुटलं ते सुटलंच! कुणाचंही लग्न ठरलं की भाषणात आफ्रिकेतला बिशप हजर. शारजाहून आलेल्या पाहुण्यानं ते मलाच ऐकवलं. मी मान डोलावली. पूर्वी आशिया प्रांतातल्या एका धर्मगुरूंनी प्रेषित पौलावरच्या प्रेमापोटी त्याच्या नावानं गोष्ट रचली, ती उघडकीस आली आणि त्यांचं पद गेलं. हे मी त्याच शुक्रवारी हसत हसत सांगितलं होतं. आता ते आठवलं की मी ताटावरून उठायचो. लग्नाचा होकार मी खोट्यावर मिळवला होता.

मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर एके वर्षी नवे फादर आले. त्यांना ते वाक्य चर्चच्या स्मरणिकेत छापायचं होतं. मला गाठून म्हणाले, "बिशप के किस लेटर में है? रेफरन्स दे दो."

त्या दुपारी सासूबाई आमच्याकडेच होत्या. जेवताना मी एका दमात बोलून टाकलं. "तो बिशप असं कधीच म्हणाला नाही. मी रचलं. तुम्ही होकार दिलात तो त्या खोट्यावर."

मुलीचा घास हातातच. "डॅड! यू मेड अप अ बिशप?"

बायकोनं तोंडाला पदर लावला. रडते आहे असं वाटून माझं पाणी पाणी झालं. ती हसत होती.

सासूबाईंनी शांतपणे ताटाच्या डाव्या बाजूचं लोणचं बोटानं चाटलं. "जावईबापू, चटणी-लोणचं डावीकडे, भाजी उजवीकडे, हे त्या आफ्रिकेतल्या बिशपाला कुणाच्या आईनं शिकवलं?"

"म्हणजे तुम्हाला..."

"तिथंच कळलं. घरी आल्यावर आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो."

"मग होकार कसा दिलात?"

"माझ्या कुत्र्यासाठी जो बिशपाला पाटावर बसवतो, तो माझ्या लेकीला उपाशी ठेवायचा नाही, म्हटलं. आणि एवढी वर्षं लोक लग्नात म्हणतातच की ते. राहू द्या. बिशप तेवढा उठवा."

एवढी वर्षं मी एकटाच अपराधी होऊन फिरत होतो आणि या दोघी मजेत! मला हसू फुटलं ते थांबेचना. मुलीनं पाठीवर थापट्या मारल्या. "डॅड, ब्रीद!"

फादरांना जाऊन सांगितलं. ते आधी गंभीर झाले, मग टेबल बडवून हसले. स्मरणिकेत वाक्य आलं, खाली 'आमच्या मराठी मंडळीतली म्हण'. बिशप गेला.

पद माझंही गेलं. शुक्रवारी बोलायला मला पुन्हा कुणी उभं केलं नाही, समोसे आणायचं काम दिलं. ते मी आनंदानं केलं. पिशवी घेऊन आत शिरलो की बायको लगेच दाराकडे पाहायची. समोशांकडे पाहते की माझ्याकडे, हे मी कधी विचारलं नाही.