वाटीभर पोटाची सवाष्ण

पोट कापून घेतलेली बाई देवीला सवाष्ण म्हणून चालते का? हे मला माझ्या मोठ्या जावेनं विचारलं, तेही फोनवर, तेही कुलधर्माच्या आदल्या दिवशी. "देवीलाच विचारा," असं म्हणून मी ताडकन फोन ठेवला. पण खरं सांगते, नंतर मनात किडा वळवळायला लागला. खरंच चालत नसेन तर?

वजन कमी करायचं ऑपरेशन मी हौसेनं केलं नव्हतं. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, पूजेलासुद्धा खुर्ची लागायची. ऑपरेशननंतर पोट उरलं वाटीएवढं. आधी नुसतं पातळ, मग घोटलेली डाळ, दही, कुस्करलेलं पनीर, तेही चमच्याचमच्यानं. जेवताना पाणी नाही, पण दिवसभर घोटघोट प्यायचं. दुष्काळाचं साल होतं. आमच्या शहराच्या बीड बायपासकडं इमारतींवर इमारती उठल्या, नळाचा पत्ता नाही. टँकरच्या भरवशावर सगळं. मी बाटली कडेवरच्या लेकरासारखी घेऊन फिरायचे. त्यात शेजारी सत्यनारायण झाला. प्रसाद कधी बाधतो का, म्हणून मी शिरा खाल्ला आणि थोड्याच वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी! शेजारणीच्या सोफ्यावर आडवी झाले. डॉक्टरांनी बजावलं, गोड आता सरळ आतड्यात उतरतं, पुन्हा हा प्रयोग नको. मी देवीवर भयंकर चिडले. देवाच्या नावानं खाल्लेलंही मला बाधावं?

तरी कुलधर्माला गेले. सासर पाचोडजवळ. पाच सवाष्णी जेवू घालायच्या, पण ऐनवेळी गावात टँकर आला आणि त्यातली एक हंडे घेऊन पळाली. सासूबाईंनी फाट्यावर जीपची वाट बघत असलेली एक अनोळखी बाई हाताला धरून आणली. चितेगावला नवरा कंपनीत आहे, एवढंच तिनं सांगितलं. तिला माझ्या शेजारचा पाट मिळाला. परातीत तांब्याभर पाण्यानं आमचे पाय धुतले आणि तेच पाणी तुळशीला गेलं. कितीतरी वर्षांनी मी पाटावर मांडी घालून बसले होते. डोळे भरून आले माझे.

तेवढ्यात जावेनं ताटात दोन पुरणपोळ्या वाढल्या, वर तुपाची धार.

"वहिनी, मला चालत नाही हो हे. तुम्हाला सांगितलं होतं."

"सवाशीण अर्धपोटी उठली तर देवी उपाशी ऱ्हाती. आन् असल्या दुष्काळात ताटात टाकणार व्हय?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. पोळी खाल्ली तर तिथंच आडवी होणार, नाही खाल्ली तर या घरात सवाष्ण म्हणून पुन्हा पाट मिळणार नाही. घास मोडायला हात गेलासुद्धा. मग समोरच्या देवीच्या टाकाकडं बघून मनातल्या मनात ओरडले, "आई, तुला मी आजारीच हवीय का? तसं असेल तर सांग, खाते!"

शेजारची बाई एकदम म्हणाली, "ताई, टाका की त्या पोळ्या माझ्या ताटात. सकाळधरनं पोटात काय नाय. मला त्याच्यासाठीच बोलवलं असंल देवीनं."

आणि माझ्या होकाराची वाट न बघता उचलल्यासुद्धा! जाऊ "अगं बाई!" म्हणून तशीच उभी. माझा मात्र आवाज फुटला. सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, गूळ घालायच्या आधीची शिजलेली डाळ असली तर द्या मला. माझं पोट वाटीएवढं आहे. ते भरलं की सवाष्ण जेवली. पटत नसेल तर उठते."

सासूबाई तशाच वळल्या. आत गेल्या. आता पान उचलायलाच सांगतात बहुतेक, असं वाटलं. पण त्या वाटी घेऊन आल्या. "दुसऱ्या पुरणाची हाय, अजून गूळ पडला नाय. ही बी देवीचीच. निवांत जेव," म्हणाल्या आणि जावेला म्हणाल्या, "तू पुढं वाढ." मी मीठ घालून ती डाळ चावून चावून खाल्ली. सगळ्यांची पानं उठली तरी मी जेवतच होते. आयुष्यात इतकं चवीनं मी कधी जेवले नव्हते.

हात धुऊन येईस्तोवर ती बाई जीपनं निघून गेली होती. नाव विचारायचं राहिलं. योगायोग म्हणणारे म्हणोत, मला कुणाशी वाद घालायचा नाही. मी तिथल्या तिथं डोकं टेकलं आणि पोटभर रडले. देवी सगळीकडून येते, भुकेल्या बाईच्या तोंडूनही बोलते, एवढं मला कळलं. शरण जायचं ते तिला. आग्रह करणाऱ्या हाताला नाही. अजूनही दरवर्षी कुलधर्माला कुणीतरी पोळी पुढं करतंच. मी देवीचं नाव घेते आणि पोळीला नाही म्हणते, दोन्ही एकाच तोंडानं.