मधल्या वळणावरची हद्द

आमच्याकडे रस्ता सांगायचा म्हणजे गावं सांगायची. जळगावहून धुळ्याला कसं जायचं, तर एरंडोल, पारोळा, मुकटी, की आलंच धुळं. दोन गावांच्या मधली जमीन कोणाच्या हद्दीत येते याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. आमच्या ऑफिसातल्या नानांनाही नव्हतं.

ऑफिस जळगावातल्या पिंप्राळ्यात, एका किराणा दुकानाच्या वर. काम अवजड मालाच्या वाहतुकीचं. त्या दिवशी एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवरून धुळ्याला निघाला होता. माल इतका उंच की वाटेतल्या विजेच्या तारा त्याला आडव्या यायच्या. अशा वेळी माझा धाकटा भाऊ मालावर उभा राहून बांबूने तार उचलून धरायचा आणि ट्रेलर खालून हळूहळू सरकायचा. त्याआधी त्या भागाच्या वीज कार्यालयाला सांगून तार बंद करून घ्यावी लागते. कुठल्या कुठल्या कार्यालयाला कळवायचं ते नाना ठरवायचे, फोनही तेच करायचे. गावं त्यांना तोंडपाठ होती.

मी नकाशाच्या सॉफ्टवेअरवर बसते. हायवेवरच्या एका पुलाचं काम चालू होतं, म्हणून पारोळ्याच्या पुढे ट्रेलर आडवाटेने दोन गावांतून फिरून परत हायवेला लागणार होता. तेवढा भाग नुसता फाइलसाठी काढून ठेव, असं नाना म्हणाले होते. ट्रेलर सकाळीच गेला होता. मी रस्त्याची रेघ काढली, तिच्याखाली वीज कार्यालयांच्या हद्दी टाकल्या आणि रेघ जिथे हद्द ओलांडते तिथे ठिपका टाकायला सॉफ्टवेअरला लावलं. आडवाटेवर एकही ठिपका यायला नको होता. दोन आले.

पहिलं गाव नानांनी कळवलेल्या कार्यालयाचं, दुसरंही त्याचंच. पण मध्ये रस्ता एक वळण घेऊन शेजारच्या कार्यालयाच्या हद्दीत शिरत होता आणि लगेच बाहेर येत होता. त्या कार्यालयाला कुणी कळवलंच नव्हतं. मी नकाशा मोठा करून पाहिला. वळणावर तार रस्ता ओलांडत होती.

मी नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही गावांची नावं वाचली आणि म्हणाले, लहानपणापासून जातोय मी त्या रस्त्याने, दोन्ही गावं एकाच कार्यालयात आहेत, तुझं ते सॉफ्टवेअर काहीही दाखवतं. माझं डोकंच फिरलं. गावांचं कोण विचारतंय, मी म्हटलं, तारेचं बोला. त्या शेजारच्या कार्यालयाला फोन लावा, नाहीतर मी लावते.

भावाला फोन केला. उचलला नाही. वर चढताना तो फोन केबिनमध्ये ठेवतो, हे मला माहीत होतं, तरी परत केला. ड्रायव्हरचा लागेना. समोर नाना चरफडत फोन फिरवत होते. पलीकडून कुणीतरी काहीतरी सांगितलं. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाले, ''चालू आहे तार.''

तेवढ्यात ड्रायव्हरने उचलला. मी ओरडलेच, गाडी थांबवा, त्याला तारेला हात लावू देऊ नका. ब्रेकचा आवाज आला. पहिलं गाव मागे टाकून ते वळणावरच होते. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने फोन स्पीकरवर लावून वर धरला. मीही माझा स्पीकरवर टाकला.

''काय व्हयनं अक्का?'' भाऊ वैतागला होता. ''मी आत्तेच उचलनार व्हतू.''

''तार चालू शे. उतर खाले.''

तो म्हणाला, ''पन नानांनी तं सांगं व्हतं ना, बठ्ठ्या तारा बंद शेतस?''

सगळ्या तारा बंद आहेत असं नानांनी सांगितलेलं, त्यापुढे त्याला माझं खरं वाटत नव्हतं. बांबू अजून त्याच्या हातातच असणार. मी काही बोलायच्या आत नानांनी टेबलावरून वाकून माझा फोन ओढून घेतला.

''मी सांगितलं होतं,'' ते म्हणाले. ''चुकीचं सांगितलं. बांबू टाक आणि उतर.''

बांबू रस्त्यावर पडल्याचा आवाज आला. माझ्या सांगण्याने तो हलला नव्हता, नानांनी एकदा सांगितलं तर लगेच उतरला. त्या क्षणी मला दोघांचाही संताप आला, आणि मी तिथेच, नानांच्या समोर, रडायला लागले.