प्राणहिता झाले तो दिवस

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते — पण आधी त्या वर्गाबद्दल सांगू द्या.

मी चौथीत होते, महाल भागातल्या शाळेत. पोरं एका बाजूला बसत, पोरी दुसऱ्या. मी इतकी लाजरी की हजेरीलाही आवाज फुटत नसे. आमचे गुरुजी भूगोल पुस्तकातून शिकवत नसत. बाकं भिंतीला लावायची आणि आपणच डोंगर व्हायचं, नदी व्हायचं. काय बोलायचं ते आधी ठरलेलं नसे — जे सुचेल ते. एकदा मला वैनगंगा केलं आणि मधूला वर्धा. मी नुसती उभी. "मुकी नदी आहे गा!" पोरं हसली. गुरुजी म्हणाले, "नदीले कोणी पाठ करून देते का? ये, वाहत ये."

आणि मी वाहिले! कशी, देव जाणे. वाटेत धानाला पाणी पाजलं, खडकाला बाजूला हो म्हटलं — तो आवाज खरंच माझा होता? अजून अंगावर काटा येतो. मग गुरुजी म्हणाले, "आता भेटा." मधू आणि मी एक होऊन पुढे चाललो. "आता तुमचं नाव काय?" सगळा वर्ग ओरडला — प्राणहिता! दोन नद्या आपापलं नाव सोडतात नि तिसरी होते, हे मला पायांतून कळलं. पुढे इतकं जगले. तसं पुन्हा काही कळलं नाही.

पण मोठेबाबांनी — वडिलांच्या थोरल्या भावानं — रस्त्यावरून, खिडकीतून पाहिलं. पोराचा हात धरलेली मी.

संध्याकाळी सगळं घर समोर बसलं. मोठेबाबांनी विचारलं, "तूच धरला का वं हात, का मास्तरनं धराले लावला?"

दुपारी अख्खी नदी बोलली होती माझ्या तोंडून — आणि आता?

"गुरुजीनं लावला."

दुसऱ्या दिवशी मोठेबाबा चार माणसं घेऊन शाळेत गेले. आठवड्याच्या आत गुरुजींना काढलं. गुरुजींनी माझं नावही घेतलं नाही, असं मधू म्हणाला. बाकं पुन्हा रांगेत लागली.

गुरुजींनी फक्त "भेटा" म्हटलं होतं. कसं भेटायचं, ते आमच्यावर सोडलं होतं. मधू तर हात पाठीमागे बांधून उभा होता.

हात मी पुढे केला.