पहिले दहा पत्ते

कपड्यांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पत्त्यांचा एक खेळ खेळत. लेकीनेच तो मोबाइलमध्ये घालून दिला होता. दहा साधे पत्ते घेऊन मनोरा चढायचा, मजल्यामजल्यावर राक्षसांशी लढायचं, जिंकलं की नवा पत्ता मिळायचा. मेलं की सगळं गेलं, पुन्हा त्याच दहा पत्त्यांपासून सुरुवात. मास्तरांना नेमकं हेच आवडायचं. सव्वीस वर्षं कात्री चालवली, पण एकदा चुकीचं कापलेलं कापड काही कुणी सांधून परत दिलं नव्हतं. इथे कितीदाही मरा, समोर पुन्हा कोरं कापड.

कारखान्याचे तरुण मॅनेजरही तोच खेळ खेळायचे आणि सारखे हरायचे. शेवटी मास्तरांना राहवलं नाही.

"साहेब, नवे पत्ते नुसते गोळा करून भागत नाही. सुरुवातीचे साधे पत्ते आधी काढून टाका. ऐन वेळी तेच हातात येतात आणि घात करतात."

साहेबांनी ते मनावर घेतलं आणि जिंकायला लागले. चार महिन्यांनी कापड कापायचं मशीन आलं, आणि सगळ्यात जुन्या चौघांना त्यांनी घरी बसवलं. त्यात मास्तरही होते. त्यांनी रागवायचा खूप प्रयत्न केला, पण राग काही येईना.

आता दिवसभर खेळायला मोकळीक आहे, तरी मास्तर दुसऱ्या मजल्यावरच मरतात. परवा लेक मागे उभी राहून बघत होती.

"बाबा, हे साधे पत्ते काढून का नाही टाकत? उगाच हरताय."

"असू देत," मास्तर म्हणाले. "पहिल्यापासून आहेत ते."