चाचांच्या राऊटरला पाडलेलं दार

आमच्या कुडाळच्या ऑफिसात एखादं काम पहिल्या फटक्यात झालं, तर महिनाभरात ते कुणाला आठवतही नाही. फसलं की मात्र त्याचा किस्सा होतो आणि चहाबरोबर वर्षानुवर्षं चघळला जातो. म्हणजे आमचा मुख्य धंदा किश्शांचा, सेन्सर बसवणं हा जोडधंदा! आम्ही इनमिन तिघं. मालक तात्या, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. पुण्याची नोकरी सोडून आलेली प्रोग्रामर सुनीता. आणि वायरी ओढत गावोगाव फिरणारा मी.

यातले निम्मे किस्से एकट्या हमीदचाचांचे. मालवणजवळ खाडीकाठी त्यांचं कोळंबीचं तळं आहे. पाण्यातला ऑक्सिजन उतरला आणि पाणी घुसळणारे पंखे वेळेत चालू झाले नाहीत, तर कोळंबी बघता बघता मरते. मागच्या वर्षी चाचांचं अख्खं तळं असंच गेलं होतं. चाचा मेसेज कधी वाचत नाहीत, फोन मात्र पहिल्या रिंगला उचलतात. म्हणून ऑक्सिजन उतरला की तळ्यातल्या सेन्सरने चाचांच्या घरात बसवलेल्या यंत्राला, म्हणजे आमच्या 'डब्या'ला, सांगायचं, डब्याने आमच्या कॉम्प्युटरला कळवायचं आणि आम्ही चाचांना फोन करायचा, असं ठरलं.

*

सुनीताने चाचांना समजावलं, "डबो फक्त निरोप सोडतलो. ज्येनी नाव नोंदवलेला आसा, त्येकाच तो मेळतलो."

चाचा म्हणाले, "म्हणजे आमचो मासळीवालो! हॉर्न मारता, ज्येका व्हया तो भायर येता."

"अगदी बरोबर!"

"आणि कोण भायर नाय इलो तर?"

"तर हॉर्न मारून फुडे जाता."

"मगे माझी कोळंबी मेली मां गो!"

सुनीता म्हणते, पुण्यात तिच्या साहेबांना एवढा नेमका प्रश्न कधी सुचला नव्हता.

*

चाचांच्या घरात सगळं झकास चाले, कुडाळला मात्र सामसूम. मधे राऊटर होता. बाहेरचं कुणी आत घ्यायचं नाही, हा त्याचा बाणा. म्हणून त्यात एक पोर्ट उघडला आणि या दाराशी येईल त्याला डब्याकडे पाठव, असं त्याला बजावलं. आमचा कॉम्प्युटर आत शिरला, नाव नोंदवून आला, तरी निरोप शून्य!

दोन दिवस डोकं फोडल्यावर सुनीताला कळलं. निरोप घ्यायला कुठे यायचं, याचा डबा आमच्या कॉम्प्युटरला पत्ता देत होता तो घरातल्या घरातला. तोच पत्ता आमच्या ऑफिसात प्रिंटरला होता. कॉम्प्युटर बिचारा इमानाने प्रिंटरकडे जाऊन कोळंबीची खुशाली विचारत होता!

तात्या भडकले. "अरे, नुसती 'वरची वाडी' सांगलास तर पोस्टमन जातलो खंय? गावागावात वरची वाडी आसा! गावाचा नाव घाला."

मग डब्याला बाहेरचा पत्ता सांगायला शिकवलं. तात्यांना त्यातलं कोडिंग शून्य येतं, पण त्या दिवशी सुनीताने त्यांना स्वतः चहा करून दिला.

*

ही यंत्रणा कशासाठी? तर उठसूट तळ्यावर जावं लागू नये म्हणून. ती जुळवायला मी नऊ वेळा तळ्यावर गेलो. दर वेळी चाचींनी सांदणं खाऊ घातली. पँट घट्ट झाल्यावर मीच सुनीताला म्हणालो, "बिघाड लवकर काढ गो, नायतर माका नवे कपडे शिवूक लागतले!"

*

मग दर बाजाराच्या दिवशी सकाळी डबा गप्प होऊ लागला. दुपारी आपोआप सुरू! सुनीताने इंटरनेटच्या कंपनीला तक्रारी केल्या, मी वायरी बदलल्या. शेवटी मी बाजाराच्याच दिवशी जाऊन थडकलो, तर चाची पिशवी घेऊन निघालेल्या, आणि निघता निघता त्यांनी राऊटरचं बटण खट्कन बंद केलं.

"चाची, ह्या कित्याक?"

"तूच सांगललंस मां, ह्येच्यात दार उघडा ठेवलंय म्हणान? घरात कोण नसताना दार उघडा टाकून जातत काय रे?"

मी बटण परत चालू केलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली.

*

आणि मग तो दिवस उजाडला. मळभ आलेलं, वारा पडलेला. अकराच्या सुमाराला स्क्रीनवर लाल अक्षरं आली: ऑक्सिजन कमी. आजवर आलेले नुसते चाचणीचे, हा पहिला खरा निरोप! "इलो, इलो!" करत मी आणि तात्या अक्षरशः नाचलो. सुनीताने तेवढ्यात फोन लावला. चाचा धावले. फोन स्पीकरवर ठेवलेला. पाच मिनिटांनी पंख्यांची घरघर ऐकू आली, आणखी थोड्या वेळाने चाचांचा कापरा आवाज: "वर इलेली कोळंबी खाली गेली रे. वाचली! सगळी वाचली!" सुनीता रडली. मीही रडलो, लपवत नाही.

तात्यांनी नारळ आणला, ऑफिसातल्या राऊटरसमोर धरला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. फोन चालूच होता.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांच्या मेहनतीक यश दिलंस!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं.

"चाचांच्या तळ्यावरसून आज जसो निरोप इलो, तसोच रोज येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

फोनमधून चाचा जिवाच्या आकांताने ओरडले, "नाय म्हाराजा! नाय म्हाराजा!"